टाकी ज्याची, मैला त्याचा!



होळीच्या आधीची गोष्ट. खालच्या तीन पाड्यांच्या बाया हंडे घेऊन संघटनेच्या कचेरीत आल्या. हंड्यात पाणी होतं, पण प्यायला नाही, दाखवायला आणलेलं. ओहोळ आटला की आपण वाळूत डवरा खणतो आणि वाटीवाटीनं पाणी भरतो. त्या डवऱ्याचं पाणी काळं पडलं होतं, वर तवंग, आणि वास असा की हंडे कचेरीच्या बाहेर ठेवावे लागले. "ढोरं पण तोंड लावत नाहीत," एक आजी म्हणाली. पाड्यांतल्या पोरांना हगवण लागली होती.

मग पाड्यातले तरुण मोरीजवळ पाळतीला बसले. पाचव्या रात्री दीडच्या सुमाराला दिवे बंद करून टँकर आला. मोरीवर मागं घेतला, जाड पाइप खाली सोडला, आणि तालुक्याच्या शहरातल्या संडासांचा मैला आपल्या ओहोळात ओतायला सुरुवात केली. पोरांनी टँकर अडवला. ड्रायव्हर बाहेरचा होता. पण पाइप धरणारा कोण? शेजारच्या गावचा आपलाच कातकरी पोरगा. भट्टीचा मालक पैसे बुडवून गेला म्हणून या कामाला लागलेला. हातात मोजे नाहीत, पायात स्लीपर. त्यानं मान वर केली नाही. पोरांनी त्याला मारलं नाही, ते बरं केलं.

या एका टँकरात सगळी गोष्ट आहे. मैला त्यांचा, ओहोळ आपला, आणि हातही आपलेच.

हा मैला येतो कुठून?

शहरात भुयारी गटार आहे ती ठरावीक गल्ल्यांत. बाकीची घरं, नव्या बिल्डिंगा, लॉज, हायवेवरचे ढाबे आणि डोंगराच्या पायथ्याचे शेटलोकांचे बंगले, या सगळ्यांच्या संडासाखाली टाकी असते. साहेब लोक तिला सेप्टिक टँक म्हणतात. लोकांना वाटतं, टाकी बांधली म्हणजे मैला जिरला. तसं नाही. टाकीत जड गाळ खाली बसतो, वरचं पाणी पुढं जातं. त्या पाण्यातही रोगाचे जंतू असतात, म्हणून ते शोषखड्ड्यात मुरवावं लागतं. खाली बसलेला गाळ थोडा कुजतो, पण संपत नाही. दर दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. नाही उपसला तर गाळ पाण्याबरोबर बाहेर येतो आणि उघड्या नाल्याला लागतो.

म्हणजे टाकी बांधतानाच दोन प्रश्न उभे राहतात. हा गाळ उपसणार कोण? आणि नेऊन टाकणार कुठं? बंगल्याच्या नकाशात टाकी दाखवलेली असते, बांधकामाला परवानगी मिळते. या दोन प्रश्नांचं उत्तर मात्र कुणी मागत नाही. उत्तर मनात धरलेलंच असतं. उपसायला गरिबाचं पोर, आणि टाकायला आदिवासीचं रान.

बंगलेवाला टँकरवाल्याला पैसे देतो आणि मोकळा होतो. टँकर कुठं रिकामा होतो, हे त्यानं कधी विचारलं नाही. नगरपरिषदेनंही विचारलं नाही. टँकरवाल्याला लांब जायला डिझेल लागतं, म्हणून तो जवळची मोरी शोधतो. चूक काय फक्त ड्रायव्हरची?

आता कागद आला आहे

टँकर अडवल्यावर बोभाटा झाला. मग नगरपरिषदेला जाग आली आणि ग्रामपंचायतीकडं कागद आला. शहरासाठी 'मैला प्रक्रिया केंद्र' बांधायचं आहे, त्यासाठी आपल्या वरच्या माळावरची दोन एकर जागा हवी. कागदात त्या माळाला 'पडीक' म्हटलं आहे. ज्या माळावर आपली ढोरं चरतात, जिथला मोह आपण वेचतो, जिथून ओहोळाला पाणी येतं आणि जो आपल्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यात आहे, तो त्यांच्या लेखी पडीक!

भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी या डोंगरांतून मुंबईला जातं, आणि धरणाच्या उशाला असलेले आपले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. चांगलं पाणी इथून खाली जायचं, आणि टँकर वर येणार तो मैल्याचा. हा कुठला न्याय?

आम्ही स्पष्ट सांगतो, आमचा केंद्राला विरोध नाही. असं केंद्र पाहिजेच. गाळ नीट वाफ्यांत वाळवला, त्यातून निघालेलं पाणी शुद्ध केलं, तर ओहोळ वाचतात. साताऱ्यातल्या वाईनं आणि नाशिककडच्या सिन्नरनं हे काम हाती घेतलं. सगळ्या घरांच्या टाक्या पाळीपाळीनं उपसायच्या आणि गाळ शहराच्या केंद्रावर न्यायचा, अशी पद्धत तिथल्या नगरपरिषदांनी बसवली. म्हणजे मनात आणलं तर होतं. पण शहराचं केंद्र शहराच्या जागेत, शहराच्या खर्चानं, शहराच्या डोळ्यांसमोर हवं. समोर असलं तर ते नीट चालतं की नाही यावर त्यांची नजर राहील. आपल्या माळावर बांधलं, तर पहिल्या पावसाळ्यात वाफे भरून वाहतील, पंप बंद पडेल, आणि सगळं खाली डवऱ्यात उतरेल. शहरात कुणाच्या नाकाला वाससुद्धा येणार नाही.

"अरे, ते खत आहे"

काही पुढारी पाड्यात फिरून सांगतात, "मैला म्हणजे सोनखत. फुकट मिळतंय तर शेतात घ्या." यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं. नीट वाळवलेला, पुरेसे महिने मुरवलेला गाळ खत होतो, खरं आहे. पण टाकीतून काढलेला ताजा गाळ खत नाही. त्यात जंताची अंडी असतात, ती मातीत फार दिवस टिकतात. अनवाणी पायानं आवणी करणाऱ्या बाईला, बांधावर खेळणाऱ्या पोराला ती लागतात. पुढाऱ्याला एवढं कौतुक असेल तर पहिला टँकर त्याच्या आंब्याच्या बागेत रिकामा करावा.

टाकीत उतरू नका

उन्हाळ्यात बंगल्यांवरून आपल्या पोरांना बोलावणं येतं. टँकरचा पाइप तळाचा घट्ट गाळ ओढत नाही. मग म्हणतात, "उतर जरा, बादलीनं काढ, पाचशे जास्त देतो."

उतरू नका! बंद टाकीत विषारी वायू साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नका, तो वाढलेला असू शकतो. आत हवा नसते, माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही जातो. देशभर अशाच जोडीजोडीनं माणसं मेली आहेत. कुणी पडला तर मागोमाग उडी मारू नका. लोक जमवा, अग्निशमनवाल्यांना बोलवा.

कायदाही तुमच्या बाजूला आहे. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेची साधनं न देता कुणालाही गटारात किंवा टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस मेला तर घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण आम्हाला ३० लाखांचं प्रेत नको, आमचं पोर जिवंत पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

ग्रामसभेत साहेब दटावतील, म्हणून हे पाठ करून ठेवा.

१. वनहक्क कायदा २००६. रान, पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखण्याचा अधिकार कलम ५ नं ग्रामसभेला दिला आहे.

२. त्याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येईल अशा १३ गोष्टींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, पिण्याचं पाणी वगैरे. तिथंही ग्रामसभेची शिफारस लागतेच. शहराचा मैला त्या यादीत नाही!

३. पेसा कायदा १९९६. गावाच्या सामाईक साधनांची राखण करायला ग्रामसभा सक्षम आहे, असं तो सांगतो.

४. अत्याचार प्रतिबंधक कायदा. आदिवासींच्या घरात, दारात मैला टाकणं, त्रास द्यायच्या किंवा अपमानाच्या हेतूनं वस्तीजवळ टाकणं, आदिवासी वापरतात तो झरा किंवा पाणवठा नासवणं, हे सगळे गुन्हे आहेत. आपला डवरा म्हणजे पाणवठाच.

५. पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा. नदी, ओहोळ, विहिरीत घाण सोडायला बंदी आहे. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं करता येते.

आपल्या घरचंही बघू

दुसऱ्याला बोलताना आपलं लपवू नये. स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांत पाड्यात संडास झाले. कितीतरी ठिकाणी ठेकेदारानं दोनऐवजी एकच खड्डा खणला, आणि कागदावर दोन दाखवले. तो भरला की काय करायचं? पाड्यापर्यंत टँकर चढत नाही, चढला तर पैसे परवडत नाहीत. म्हणून आज कित्येक संडासांत लाकडं आणि कोंबड्या आहेत. मग साहेब म्हणतात, आदिवासीला सवय नाही!

आपल्याला टाकी नको, दोन शोषखड्डे पाहिजेत. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतलं मातीसारखं होतं. त्याला टँकर लागत नाही, कुणाला मैल्यात उतरावं लागत नाही. खड्डा विहिरीपासून निदान १० मीटर लांब, मुरूम-वाळू असेल तर आणखी लांब, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नको. राहिलेला दुसरा खड्डा ठेकेदाराकडून वसूल करायचा. तो आपला हक्क आहे.

आपण काय करायचं?

येत्या ग्रामसभेला घराघरातून या. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. पाणी बाया भरतात, म्हणून बोलायलाही बायाच पुढं पाहिजेत. ठराव असा करा:

– वरच्या माळावर मैल्याचं केंद्र नको. जागा देणार नाही.

– नगरपरिषदेनं आपल्या हद्दीत केंद्र बांधावं, आणि टँकर कुठं भरला, कुठं रिकामा केला याची नोंद ठेवावी.

– नासलेल्या डवऱ्यांच्या पाण्याची तपासणी करावी, आणि तोवर पाड्यांना प्यायचं पाणी द्यावं.

– टँकरवर काम करणाऱ्या पोरांना साधनं, रीतसर पगार आणि विमा द्यावा.

ठराव मोठ्यानं वाचून घ्या, पटल्यावरच सही-अंगठा करा. कोऱ्या कागदावर अंगठा नको. तोवर रात्रीची पाळत चालू ठेवा. टँकर दिसला तर अडवा, गाडीचा नंबर लिहा, फोटो काढा, पंचनाम्याशिवाय सोडू नका. पण ड्रायव्हरला आणि पाइप धरणाऱ्या पोराला हात लावू नका. त्यांना घरचं पोट इथं घेऊन आलं आहे. आपला सवाल बंगलेवाल्याला आणि खुर्चीतल्याला आहे.

पाइप धरणारा तो पोरगा गेल्या बैठकीला येऊन मागं बसला होता. काही बोलला नाही. पण उठताना त्यानं आणखी दोन मोऱ्यांच्या जागा सांगितल्या. तिथंही आता पाळत बसली आहे.

ज्यानं टाकी भरली, त्यानंच ती शेवटपर्यंत निस्तरावी. आमचं रान तुमचा उकिरडा नाही!

जिंदाबाद!