विमानतळावर बसस्टॉप हवाच!

विमानानं आलेला माणूस पुढे टॅक्सीनंच जाणार, असं आपण का धरून चालतो? मला हे मुळातच पटत नाही. विमानाचं तिकीट काढणारे सगळेच काही शेठ नसतात. बोटीवरून सुट्टीला घरी येणारा तारवटी, लेकीकडे निघालेली आजी, मुलाखतीला आलेला पोरगा, हेही त्याच विमानातून उतरतात. शिवाय तिथे सामान चढवणारे, झाडलोट करणारे, काउंटरवर उभे राहणारे लोक तर रोज ये-जा करतात. त्यांनी काय रोज टॅक्सी करायची?

आमच्या गोव्याचंच घ्या. दाबोळीच्या टर्मिनलमधून बाहेर पडून थोडं चाललं की वास्कोचा हमरस्ता लागतो. एका दिशेला वास्को, चारेक किलोमीटरवर. दुसऱ्या दिशेच्या बस सांकवाळवरून पुढे जातात. काही वेर्ण्याहून मडगावला, तर काही कुठ्ठाळीला झुआरी ओलांडून, आगशी-बांबोळी करत पणजीला. वास्को-पणजी शटल मात्र अधेमधे थांबत नाही, त्यामुळे साधी बसच पकडायची. कंडक्टर शिट्टी मारतो, बॅग ड्रायव्हरशेजारी ठेवून देतो आणि तुम्ही गोव्यात पोचलेले असता. एरवी टॅक्सीच्या काचेतून दिसतो तो नुसता रस्ता. बसमध्ये कोण कुठे चढतं, कोण कुणाची चौकशी करतं, बाजाराच्या पिशवीतून कसला वास येतो, हे सगळं कळतं. :)

पण खरं सांगायचं तर ही सोय दाबोळीला कुणी मुद्दाम केलेली नाही. वास्कोचा रस्ता शेजारूनच जातो म्हणून ती आपसूक मिळाली. मोप्याचं तसं नाही. ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला हा विमानतळ पेडण्याच्या माळावर आहे. तिथून सहज जाता जाता कुठली बस जात नाही, ती मुद्दाम आणावी लागते. कदंबच्या बस तिथून पणजी-मडगावला जातात ही चांगलीच गोष्ट आहे. पण जवळची गावं म्हणजे फक्त पणजी-मडगाव नव्हेत. पेडणे आहे, म्हापसा आहे, आणि हद्दीपलीकडे बांदा, सावंतवाडी आहे. बांदा तर पणजीपेक्षा कितीतरी जवळ! मधे राज्याची सीमा आहे, पण सोयरीक करताना, बाजाराला जाताना ती कुणाला आठवते?

चिपी, शिर्डीजवळचं काकडी, जिथे तिथे नवे विमानतळ गावापासून दूरच होताहेत. जागा तिथेच मिळते, त्याला इलाज नाही. पण मग धावपट्टीइतकाच बसचा विचारही नकाशावरच व्हायला हवा. नंतर कधीतरी बघू म्हटलं की ते राहूनच जातं.

यावर कुणी म्हणेल, टॅक्सीवाल्यांच्या पोटाचं काय? प्रश्न रास्त आहे. ती आपल्याच गावची माणसं आहेत. पण चार बॅगा, दोन लहान मुलं आणि रात्रीची वेळ असली की टॅक्सी लागतेच, ती कुठे जात नाही. आणि बस स्टँडपर्यंतच नेणार. तिथून पुढे रिक्षा आहे, नाहीतर आपला मोटारसायकलवाला ‘पायलट’ आहेच. विमानाचा पायलट झाला की गोव्याचा पायलट!

मला अडचण वाटते ती रात्रीची. आठ वाजून गेले की गोव्यात साध्या बस विरळ होत जातात, आणि विमानं तर रात्रीही उतरतात. म्हणून मागणं फार मोठं नाही. टर्मिनलच्या दारातच थांबा, त्यावर कोकणी, मराठी आणि इंग्रजीत वेळ आणि भाडं लिहिलेला फलक, बसमध्ये बॅगेला जागा, आणि शेवटच्या विमानानंतर एक बस. विमानाला उशीर झाला तर तिनेही थोडं थांबावं.

पाहुण्याला दारातून आत कसं घेतो यावरून घर कळतं म्हणतात. गावाचंही तसंच आहे. आणि बाहेर पडणारा दरवेळी पाहुणाच असतो असंही नाही. बरेचदा तो घरचाच माणूस असतो, दमलेला, खिशातले पैसे मोजणारा. त्याला घरी पोचवण्याची जबाबदारी धावपट्टीवर संपत नाही.

असो. तुमच्या गावच्या विमानतळावरून बस मिळते का? जरूर कळवा.