गाडीचे मुख आणि क्रमांकाची पाटी

घराच्या दारावर नावाची पाटी लावताना आपण किती काथ्याकूट करतो! पाटी पितळेची असावी की सागवानी, अक्षरे कोरीव असावीत की रंगवलेली, चौकटीच्या डाव्या अंगास शोभेल की उजव्या, यावर सारे घर दोन दिवस खल करते. मात्र आयुष्याची पुंजी मोडून आणलेल्या मोटारीच्या पुढील पाटीचा प्रश्न आपण दुकानातील कारागिराच्या हाती सोपवतो आणि पेढे वाटण्यात गुंततो. पुढे ती पाटी गाडीचे रूप बिघडवते, अशी कुरकुर मात्र वर्षानुवर्षे चालू राहते.

हा विषय आज घेण्यास निमित्त झाले एका वाचकांच्या पत्राचे. त्यांच्या चिरंजीवांनी नवी मोटार घेतली आहे. पुढच्या नंबरप्लेटमुळे गाडीचे तोंड विद्रूप दिसते, सबब ती काढून आतून काचेपाशी ठेवावी, असा चिरंजीवांचा मानस आहे. वडिलांना हे रुचत नाही. परंतु ‘पोलीस पकडतील’ याखेरीज दुसरे कारण त्यांना सुचत नाही. या पितापुत्रांत आम्ही निवाडा करावा, अशी त्यांची इच्छा आहे.

प्रथम मुलाची बाजू पाहू. मोटारीला मुख असते, हे त्याचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. दोन दिवे हे तिचे डोळे आणि मधली जाळी हे तिचे मुख. त्या मुखावर अर्धा मीटर लांबीची पांढरी पट्टी आली म्हणजे रसिक मनास खटकणारच. मोठमोठ्या आराखडाकारांनाही ती खटकली आहे. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीने १९९७ साली ‘१५६’ नावाची मोटार काढली. ढालीच्या आकाराची जाळी ही त्या घराण्याची ओळख; ती मध्यभागी थेट खालपर्यंत उतरलेली. तिच्यावर पाटी ठोकणे आराखडाकारांच्या जिवावर आले, म्हणून त्यांनी पाटीची जागाच एका बाजूस सरकवली. गाडी देखणी ठरली आणि क्रमांकही स्पष्ट दिसत राहिला. पाटी नाहीशी न करता तिला योग्य जागा शोधणे, हा खरा रसिकाचा मार्ग होय.

मुलाच्या मनातील पाटीविना मुखाचे चित्र कोठून आले असावे, याचाही विचार करावा. एक तर ते कंपनीच्या जाहिरातीतील असेल. जाहिरातीतील गाडी कोणाच्या मालकीची नसते. किंवा ते अमेरिकेतील असेल. तेथील काही राज्यांत केवळ मागील पाटी पुरते. ओहायो राज्याने पुढील पाटीची सक्ती १ जुलै २०२० पासून काढून टाकली. आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीस पुढे व मागे दोन्हीकडे पाटी हवी. काचेआड ठेवलेली पाटी ही लावलेली पाटी नव्हे. १ एप्रिल २०१९ पासून विकलेल्या नव्या वाहनांना तर विशिष्ट सुरक्षित पाटीच लागते. ही पाटी ॲल्युमिनियमची असून तिच्यावर वीस मिलिमीटर चौरसाचे चकाकते चिन्ह आणि लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. इंग्रजी आकड्यांना मुरड घालून ‘दादा’ किंवा ‘राम’ उमटवण्याची हौस तिच्यावर चालत नाही.

तथापि कायद्याचा धाक हे शेवटचे कारण झाले. पहिले कारण निराळे आहे, आणि ते वडिलांनी मुलास शांतपणे सांगावे. परीक्षेत एखादा विद्यार्थी मोत्यासारख्या अक्षरांत उत्तरपत्रिका लिहितो, पण पान सुंदर दिसावे म्हणून बैठक क्रमांक घालत नाही. त्याचे नुकसान त्याच्यापुरतेच राहते. मोटारीचे तसे नाही. आग्रा-मुंबई रस्त्यावर रात्री एखादी गाडी कोणास ठोकरून निघून गेली, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत क्षणभर जे ठरते ते तिचा रंग आणि तिची पाटी. समोरून येणाऱ्यास मागील पाटीचा उपयोग काय?

क्रमांक हाती लागला, तर मृताच्या कुटुंबास दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. तेथे मृताचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते. वाहन अज्ञातच राहिले, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. कर्ता पुरुष गेलेल्या घरास दोन लाख किती दिवस पुरणार? मुलाच्या हातून असे काही घडेल, असे आम्ही म्हणत नाही; घडू नये, हीच प्रार्थना. परंतु मी अमुक आहे, मला ओळखा, असे रस्त्यावरील अनोळखी माणसांस सांगण्याचे कर्तव्य वाहनाबरोबरच आपल्याकडे येते.

आता शोभेचा भाग. ही पाटी ज्या खिळ्यांनी बसवतात, ते एकदा दाबले की मोडल्यावाचून निघत नाहीत. म्हणून जो काही विचार करावयाचा, तो पाटी बसण्यापूर्वी. गाडी ताब्यात घेताना कारागिराजवळ स्वतः उभे राहावे. दोन्ही दिव्यांपासून फीत लावून मध्य काढावा आणि तेथे कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खूण करावी. पट्टीमुळे ड्रिल घसरत नाही आणि रंगाचे टवके उडत नाहीत. गवंड्याजवळ असते तशी लहानशी पाणसळ पाटीवर धरून पाहावी. पुष्कळदा पाटी कुरूप नसते, केवळ तिरपी असते. आणि एक बोटाचा तिरपेपणा गाडी विकेपर्यंत डोळ्यांत सलतो.

बंपरला बाक असतो, पाटी सपाट असते. बाकाशी जुळावी म्हणून पाटी वाकवू नये. वरचा चकाकता पापुद्रा तडकतो आणि आकडे वाचता येत नाहीत. त्याऐवजी कंपनीची, मागून बाकदार व पुढून सपाट अशी काळी बैठक घ्यावी. तिच्यामुळे पाटी गाडीचाच अवयव भासते. बैठकीमागे रबराच्या चकत्या घातल्या की खडखड होत नाही व रंग घासत नाही. खालच्या जाळीतून रेडिएटरला वारा मिळतो, ती वाट अडवू नये. गाडी लावताना इशारा देणारी यंत्रे असतील तर तीही झाकू नयेत. जाड चकचकीत चौकट, देवाचे नाव, जातीचे वा पदाचे बिरुद, हे सारे टाळावे. पाटीने रूप बिघडते त्याहून अधिक ते या अलंकारांनी बिघडते.

पत्रलेखक महाशयांच्या गाडीस पाटी आधीच लागली असल्यामुळे त्यांनी एवढेच करावे. मुलास घेऊन दहा पावले दूर उभे राहावे आणि पाटी तिरपी आहे काय, बैठकीवाचून लावली आहे काय, ते दोघांनी मिळून पाहावे. दोष आढळल्यास विक्रेत्याकडे नेऊन नवे खिळे घालून ती नीट बसवून घ्यावी. मुलाची दृष्टी चांगली आहे, तिला हे काम द्यावे. पाटी मात्र पुढेच राहू द्यावी.