विलंब झाला आहे

मराठी कथा-कादंबरीत शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, कारकून तर पिढ्यानपिढ्या आहेत. पुलंचे ‘असा मी असामी’ कारकुनाचे. आमच्याच जिल्ह्यातल्या सांगवीच्या नेमाड्यांनी चांगदेव पाटील या प्राध्यापकासाठी चार कादंबऱ्या खर्ची घातल्या. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने गिरणी कामगाराचे घर रंगमंचावर आणले. गावोगाव फिरून कंपनीचा माल विकणारा माणूस मात्र आमच्या वाचनात क्वचितच केंद्रस्थानी आला. (‘क्वचितच’ हा शब्द जाणून वापरला आहे; अपवाद कोणी दाखवून दिल्यास आनंदच होईल.) अमेरिकनांनी आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधून १९४९ मध्येच त्याची शोकांतिका पाहिली. आपल्याकडे तो येतो तो बहुधा विनोदापुरता. ही उणीव केवळ विषयांच्या यादीतली नाही, असे आमचे मत झाले आहे, आणि त्याला एक पत्र कारण आहे.

आम्ही दोघे मेहरूणला राहतो. संध्याकाळचे फिरणे तलावाच्या काठाने. अजिंठा रस्त्याकडे औद्योगिक वसाहत आहे: डाळमिल, चटयांचे कारखाने, पीव्हीसी पाइपचे कारखाने. एम.ए. मराठी झालेले आमचे जे विद्यार्थी प्राध्यापक होऊ शकत नाहीत, आणि बहुसंख्य होऊ शकत नाहीत, त्यांतले काही तिकडे जातात. असाच एक जण पाइपच्या कंपनीत लागला. कंपनी लहान, दोन शेडची. नावाचे प्रयोजन नाही. याच्या कार्डावर छापले होते ‘सेल्स मॅनेजर, खानदेश विभाग’. हाताखाली एकही माणूस नव्हता.

‘मॅनेजर’ या शब्दाची गंमत इथेच संपत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला ‘कामगार’ मानले नव्हते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही त्याला बाहेरच ठेवले. पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम पाहावे, असे न्यायालये सांगत आली आहेत हे खरे. पण कार्डावरचा एक शब्द माणसाला दाद मागण्यापासून परावृत्त करायला पुरतो.

कंपनी चालत होती ती अशी. डिस्पॅच मालकांचे मेहुणे पाहत, उत्पादन धाकटे बंधू. दोघांत बोलणे नव्हते. २०२० च्या दिवाळीत ‘आगाऊ भरा, जुना भाव मिळवा’ अशी स्कीम काढून डीलरांकडून पैसे घेतले गेले आणि ते मागची देणी फेडण्यात गेले. त्याच सुमारास पीव्हीसी रेझिनचे भाव चढत गेले. जुन्या भावात माल देणे म्हणजे तोटा, न देणे म्हणजे फसवणूक. मालकांनी तिसरा मार्ग काढला: निर्णयच घ्यायचा नाही. दर सोमवारच्या बैठकीत टार्गेट मात्र वाढत होते. पुरवठा थांबलेला आणि टार्गेट वाढते, या दोहोंत विसंगती आहे असे त्या खोलीत कोणालाच वाटले नाही. ज्याला वाटले त्याला बोलण्याचा अधिकार नव्हता.

२०२१ चा जून आला. आपल्याकडे केळीच्या मृगबागेची लागवड याच सुमारास सुरू होते. विहिरीपासून शेतापर्यंतची पाइपलाइन तेव्हा हवी. ऑगस्टात आलेला पाइप त्या हंगामापुरता न आल्यासारखाच. स्कीममध्ये पैसे भरणाऱ्या डीलरांत याचे सख्खे मामा होते, यावल तालुक्यातले. त्यांनी एवढेच विचारले, “भाच्या, पैसे मी कंपनीला दिले होते की तुला?”

तेव्हा तो पत्राचा कच्चा मसुदा घेऊन आमच्याकडे आला. त्यात लिहिले होते की, कंपनीने तुमचे पैसे दुसरीकडे वापरले, माल कधी येईल हे मला माहीत नाही. मालकांनी ‘जरा नीट लिहून आण’ म्हणून परत पाठवले होते. “सर, भाषा तेवढी बघून द्या,” म्हणाला. आम्ही दिली. ‘काही अपरिहार्य कारणास्तव मालाच्या पुरवठ्यास विलंब झाला आहे. आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.’ शुद्धलेखनासह, निर्दोष. तेव्हा आम्हांला त्याचे समाधानही वाटले होते.

‘विलंब झाला आहे.’ व्याकरणदृष्ट्या हा कर्तरी प्रयोग. कर्ता कोण, तर ‘विलंब’. मालक नाही, मेहुणे नाहीत, दिवाळीची स्कीम नाही. विलंब स्वतःच चालत आला आणि स्वतःच झाला. त्याच्या ओबडधोबड मसुद्यात कर्ता जागेवर होता. तो आम्ही काढला. व्यावहारिक मराठीच्या तासाला हेच आम्ही ‘कार्यालयीन शैली’ म्हणून शिकवत आलो आहोत.

विली लोमन काय विकतो हे मिलर शेवटपर्यंत सांगत नाही, आणि वर्गात आम्ही तीच त्या नाटकाची सार्वत्रिकता म्हणून सांगतो. आता त्याविषयी आम्हांला शंका येते. काय विकले आणि ते कोणत्या नक्षत्राला पोहोचायचे होते, यावरच आमच्याकडे माणसाचा शब्द राहतो किंवा पडतो. विक्री करणारा स्वतःची पत कंपनीला बिनव्याजी वापरायला देतो: नात्यांची, गावाची, आडनावाची पत. कारभार धड असेल तर ती परत मिळते. कारभार बेबंद असेल, तर आतला गोंधळ बाहेर त्याचा खोटेपणा म्हणून दिसतो. ‘सेल्सवाले खोटेच बोलतात’ असे आपण सहज म्हणतो. हे खोटे तयार कुठे होते, हे विचारायला कादंबरीकार हवा होता. तो त्या शेडपर्यंत गेला नाही. आम्ही भाषेचे शिक्षक मात्र लाल पेन घेऊन पोहोचलो.

मग त्याने नोकरी का सोडली नाही? आम्हीही हेच विचारले होते. तीन महिन्यांचा पगार आणि प्रवासाची बिले अडकलेली होती, हे एक कारण. दुसरे त्याने खाली मान घालून सांगितले, “आत्ता राजीनामा दिला तर पळाला म्हणतील, सर.” या वाक्यात आम्हांला लोमनहून मोठे काही दिसते, पण ते आम्ही लिहिले नाही, आणि कोणी लिहिल्याचेही पाहिले नाही. असो.

त्याने त्या वर्षीच्या दिवाळीनंतर नोकरी सोडली. थोडा माल तोवर निघाला होता; मामांचा निघाला नव्हता. ते पैसे तो स्वतः हप्त्यांनी फेडू लागला. मध्यंतरी बोरांच्या दिवसांत तो तलावाकाठी भेटला. बोरे विकणारीने पुढे केलेल्या वाट्यातले एक त्याने चाखले आणि पावशेर घेतली. मामांचे दोन हप्ते राहिलेत, म्हणाला. पत्राचा विषय त्याने काढला नाही. आम्हीही काढला नाही.