हा कोणाचा माणूस?



सभेत कोणी आपल्याविरुद्ध बोलला की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'हा कोणाचा माणूस?' तो काय म्हणाला हे नंतर. बहुतेक वेळा तेवढेही नाही.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला सरकारी परवानगी मिळाली आणि आपल्यात दोन तट पडले. बीटी हवे म्हणणारा 'कंपनीचा दलाल'. नको म्हणणारा 'परदेशी पैशावरचा झोळीवाला'. आम्हीही या शिव्या दिल्या आहेत, आणि त्या कृषीची पदवी खिशात ठेवून दिल्या आहेत.

शेत काय सांगते? बीटी बोंडअळी मारते, पाऊस पाडत नाही. खोल काळ्या जमिनीत, विहिरीच्या पाण्यावर ज्याच्या फवारण्या वाचल्या, तो बीटीचे गुण गाणारच. मुरमाड रानात लांब मुदतीचे संकरित वाण लावून बोंडे भरण्याच्या वेळी ज्याची ओल संपली, तो बोटे मोडणारच. दोघेही खरे बोलत होते. फक्त एकमेकांच्या बांधावर कोणी गेले नाही. माझे मत अनुभवाचे आणि तुझे मत पैशाचे, हा हिशेब कुठला?

त्याची किंमत काय पडली? गुजरातेत पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे २०१० मध्ये उघड झाले. २०१५ मध्ये तिथेच दुसऱ्या पिढीच्या बीटीवरही ती तुटून पडली. 'बोंडे फोडून पाहा, भोवती बिगर-बीटीच्या ओळी लावा,' असे इथे जो सांगत होता, त्याला आम्ही विज्ञानाचा वैरी ठरवले. २०१७ मध्ये ती अळी विदर्भ-मराठवाड्यात आली. तिने कोणाचा तट विचारला नाही.

दलाल नसतातच असे आम्ही म्हणत नाही. असतात. पण ज्वारी आपण पाखडून मग कोंडा टाकतो. माणूस मात्र न पाखडताच फेकतो. आपल्यात फूट पडली की भाव पाडणाऱ्याचे आयतेच फावते.

म्हणून जिल्हा बैठकीत एक रीत पाडू. विरोधात बोलणाऱ्याला आधी चार गोष्टी विचारायच्या: जमीन किती खोल, पाणी किती, वाण कोणते, फवारण्या किती? उत्तर ऐकूनही तो चुकला वाटला, तर खुशाल भांडा. पण त्याच्या मुद्द्याशी भांडा.