तिला ग्रुपमधून काढू नका

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठीतल्या चुका सांभाळून घ्या. पण हे मराठीतच लिहायचं होतं, कारण ती रूमवर माझ्याशी मराठीतच भांडायची.

ती म्हणजे माझी रूम पार्टनर. सेकंड इयरला तिच्या मानेवर गाठ आली. आम्हाला वाटलं, सर्दीने आली असेल. निघाला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर. दर पंधरा दिवसांनी केमो, असे सहा महिने. ती सामान घेऊन घरी गेली. चार दिवसांनी मी तिला आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. सबमिशनचे मेसेज बघून तिला उगाच टेन्शन नको, हा माझा थोर विचार! फोनही केला नाही. काय बोलायचं तेच कळेना. 'गेट वेल सून' पाठवलं आणि सुटले.

आता ती बरी होऊन परत आलीय, ज्युनिअर्सच्या वर्गात. परवा मेसमध्ये सहज म्हणाली, "केस गेले तेव्हा नाही रडले गं. तू ग्रुपमधून काढलंस ना, त्या रात्री रडले."

माझा घास घशातच अडकला.

मग ती बोलतच राहिली. ओपीडीत एकीकडे खेळणी घेतलेली लहान मुलं, दुसरीकडे काका-काकू. एकोणीस वर्षांची ही एकटीच. डॉक्टर बोलायचे ते बाबांशी. पुढे मूल होईल ना, हे बाबांसमोर विचारणार कसं? खरं तर हा प्रश्न केमोच्या आधीच विचारायचा असतो. काही औषधांनी तो धोका असतो, म्हणून स्त्रीबीज किंवा वीर्य आधीच गोठवून ठेवता येतं. मुलांनीही हे लक्षात ठेवावं, लाजू नये.

या वयाची दुखणी वेगळी असतात. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये १९९० साली 'टीनएज कॅन्सर ट्रस्ट'ने खास या वयाच्या मुलामुलींसाठी वॉर्ड सुरू केला. आपल्याकडे मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गट २००९ मध्ये सुरू झाला. लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेले तरुण त्यात एकमेकांना आधार देतात. आपण मात्र लगेच युवराज सिंगचं उदाहरण देतो. २०१२ मध्ये त्याने केमो घेतली आणि त्याच वर्षी तो पुन्हा खेळला, हे ग्रेटच. पण ती म्हणते, "सगळे 'फायटर' म्हणायचे, त्यामुळे रडायचीसुद्धा चोरी!"

सर-मॅडमना एक विनंती. हजेरीच्या अर्जासाठी तिच्या बाबांना केमोच्या दिवसांत तीन खेपा घालाव्या लागल्या. अशा वेळी एखाद्या सरांनी किंवा मॅडमनीच घरी फोन करून ते काम संपवलं तर?

आणि आपण? आपण नेहमीसारखं बोलायचं. मेसची भाजी, व्हायवा, कोणाचं कोणाशी जमलं, सगळं. कंटाळा आला तर तीच फोन ठेवेल. ते तिला ठरवू द्या.

मी तिला जुन्या ग्रुपवर परत घेतलंय. तिचा पहिला मेसेज: "सिनिअर्स, व्हायवाला काय विचारतात? यंदा माझी आहे."

सोळा जणांनी उत्तरं पाठवली. त्यातली निम्मी चुकीची होती.