अडगळीतला टीव्ही

चवथीपूर्वीची साफसफाई सुरू झाली की गोव्यातील घरांच्या माळ्यांवरून ज्या वस्तू बाहेर निघतात, त्यांत जाड काचेचा, पाठीमागे कुबड असलेला जुना टीव्ही हमखास असतो. १९८७ साली 'रामायण' सुरू झाले तेव्हा अशाच पेटीपुढे शेजारपाजार गोळा होत असे. आज तिला ठेवायला जागा नाही म्हणून ती भंगारवाल्याच्या हवाली होते, नाहीतर रात्रीच्या अंधारात रस्त्याकडेच्या घळीत लोटली जाते. अशा वेळी काही हौशी तरुण हीच पेटी मागून नेतात आणि तिच्याभोवती प्लायवुडचे कपाट उभारून घरच्या घरी जुन्या व्हिडिओ खेळांचे यंत्र बांधतात, ही वार्ता आम्हांस स्वागतार्ह वाटते. पोरखेळ म्हणून तिची संभावना करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

वास्तविक हे खेळ आणि ही काच एकमेकांसाठीच जन्मास आली होती. जपानमध्ये १९७८ साली निघालेला 'स्पेस इन्व्हेडर्स' किंवा १९८०चा 'पॅक-मॅन' पिक्चर ट्यूबवरच खेळला जाई. 'स्पेस इन्व्हेडर्स'चे चित्र तर मुळात कृष्णधवल होते. रंगाचा भास व्हावा म्हणून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावीत. नळीच्या मानेतून सुटलेला इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळीमागून ओळ रेखीत जातो, आणि त्या काळच्या कलावंतांनी आपली चित्रे जेमतेम अडीचशे ओळींत बसतील अशी आखली होती. तीच चित्रे आजच्या सपाट पडद्यावर ताणली की खडबडीत चौकटींची दिसतात. नळीवर त्यांच्या कडा मऊ होतात. बंदुकीने नेम धरण्याच्या खेळांचे तर याहून अवघड. १९८४च्या 'डक हंट'मध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील डोळा तो उजेड टिपतो. सपाट पडद्यावर हा क्षण चुकतो, आणि जुनी बंदूक निरुपयोगी ठरते.

खर्चही फारसा नाही. तळहाताएवढा 'रास्पबेरी पाय' संगणक, काही बटणे, एक दांडी आणि सुताराच्या दुकानातील उरलीसुरली फळी एवढ्यावर भागते. मुले मोबाइलवर मान मोडून बसतात म्हणून हळहळणाऱ्या पालकांनी, त्यांच्यापैकीच एखादा मुलगा करवत आणि सोल्डरिंगची कांडी हाती घेतो तेव्हा त्याला दटावू नये.

तथापि या उत्साहाला एक धोक्याची बाजू आहे, आणि तिच्याविषयी आम्ही स्पष्टच लिहिणार आहो. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो. पेटी बंद केली, प्लग काढला, तरी तो भार काचेत कित्येक तास, क्वचित कित्येक दिवस दबा धरून राहतो. मागचे झाकण उघडून सहज बोट लावणाऱ्याचे प्राण धोक्यात येऊ शकतात. जमिनीशी जोडलेल्या तारेने तो भार आधी उतरवावा लागतो. जाणता मेकॅनिक हे काम एक हात पाठीशी ठेवून करतो. त्याहून कपटी गोष्ट म्हणजे, फक्त अँटेनाचे भोक असलेल्या अनेक जुन्या संचांची आतली लोखंडी चौकट थेट विजेच्या तारेशी जोडलेली असते. अशा संचात स्वतः भोक पाडून नवी तार जोडणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. ज्याला मुळातच ऑडिओ-व्हिडिओची भोके आहेत तोच संच घ्यावा, अन्यथा मॉड्युलेटरमार्फत अँटेनाच्याच वाटेने चित्र न्यावे. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे उच्च दाबाच्या तारेपाशी चरचर आवाज होतो, ठिणग्या उडतात. तो आवाज ऐकल्यावर संच तत्काळ बंद करावा.

हे सारे ज्यांना हाताच्या बोटांनी ठाऊक आहे, ते टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर आता म्हातारे होत चालले आहेत. म्हापसा, मडगाव, फोंडा या बाजारपेठांत ज्यांनी उभी हयात सोल्डरच्या धुरात काढली, त्यांचे शहाणपण वहीत उतरलेले नाही. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांना मानधन देऊन, महिन्यातून एखाद्या शनिवारी तरी, या तरुणांसमोर बसवावे. याला मोठी योजना लागत नाही. एक टेबल, एक मीटर आणि थोडी इच्छाशक्ती पुरे.

प्रश्न केवळ छंदाचा नाही. नळीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत पाचव्या हिश्श्याहून अधिक शिशाचे ऑक्साइड असते. महामार्गालगतच्या भंगार अड्ड्यांवर तांब्याची गुंडाळी काढून घेतात आणि उरलेली काच फोडून टाकतात. शिसे असलेला तो चुरा पावसाच्या पाण्याबरोबर कुठे जातो, हे खाजन शेती करणाऱ्यांना आम्ही सांगावयास नको. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून अमलात आले. दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याच्या व्यवसायालाही त्यांत नोंदणीसह स्थान आहे. मग गोव्यात ई-कचरा गोळा केला जातो तेव्हा चालू असलेला संच वेगळा काढून, तपासून, शाळांच्या विज्ञान मंडळांना वा मागेल त्या तरुणाला देण्यास हरकत कोणती? घनकचरा व्यवस्थापन महामंडळाने याचे उत्तर द्यावे. जे संच पुन्हा चालण्यासारखे नाहीत ते नळीची मान न मोडता, अखंड स्वरूपातच महामंडळाच्या स्वाधीन व्हावेत. आणि भंगारवाला ज्या शे-दोनशे रुपयांवर ते उचलून नेतो, तेवढी रक्कम महामंडळाने दारात मोजावी. येत्या चवथीपूर्वी एका तालुक्यात जरी हा प्रयोग झाला, तरी पुढचा हिशेब मांडण्यास तो पुरेसा ठरेल.