फाइल उघडत नाही म्हणून लगेच नवीन सॉफ्टवेअर घेऊ नका



आजचा विषय छोटा वाटेल. पण सीएनसी जाळी कटिंग, लेझर, फॅब्रिकेशन, नेमप्लेट अशा धंद्यात उतरणार असाल तर पहिल्या महिन्यातच तो तुमच्यापुढे येणार. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर डीडब्ल्यूजी फाइल पाठवतं. तुम्ही ती ऑटोकॅडमध्ये उघडायला जाता आणि स्क्रीनवर येतं की ही फाइल नवीन व्हर्जनमध्ये बनवलेली आहे, उघडता येणार नाही. तिकडून गिऱ्हाईक विचारतंय, "ताई, माल कधी मिळेल?"

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, नवीन व्हर्जन घेऊन टाका. दुसरा म्हणतो, क्रॅक टाकून देतो, पाचशे रुपये द्या. माझं मत दोघांच्याही विरोधात आहे. सॉफ्टवेअर आहे तेच राहू द्या, फाइल घ्यायची पद्धत बदला. हे मत मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून आधी ती गोष्ट सांगते.

तीन शीट वाया गेल्या तो दिवस

दुकान सुरू करताना मी ऑटोकॅड एलटी २०१५ घेतलं. तेव्हा एकदाच पैसे भरून लायसन्स मिळायचं. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका इंटिरियरवाल्या काकांचं काम आलं. देवघराच्या जाळीचे तीन पॅनेल, १८ मिमी एमडीएफमध्ये, आणि चार दिवसांवर त्या घराची वास्तुशांत. फाइल उघडेना.

खरं तर काकांना एक फोन करायचा होता, "जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा." पण मला लाज वाटली. आपल्याकडे जुनं सॉफ्टवेअर आहे हे कळलं तर काम दुसरीकडे जाईल, ही भीती. मी गुपचूप एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल चढवली आणि डीएक्सएफ करून घेतली. उघडली एकदाची! पण मापं लिहिलेली सगळी गायब, आणि पॅनेलची रुंदी दिसत होती ३६.

३६ मिमीची जाळी कशी असेल? म्हणजे हे इंच. मशीनला मिमी लागतात, म्हणून मी घाईत ड्रॉइंग २५ पट मोठं केलं. एक इंच म्हणजे २५.४ मिमी हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाई होती. ९१४.४ मिमीचं पॅनेल ९०० मिमीचं निघालं. तीन पॅनेल ओळीने बसवल्यावर ४३ मिमीची फट! शीट माझ्या, मशीनचे तास माझे, आणि रात्रभर जागून पुन्हा कटिंग. वास्तुशांत वेळेवर झाली, पण त्या कामात मी घरचे नऊ हजार घातले.

नंतर काकांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मला सांगायचंस ना, दोन मिनिटांत पाठवली असती."

नेमकं होतं काय?

सॉफ्टवेअरमध्ये नवीन सोयी आल्या की त्या फाइलमध्ये साठवायची पद्धतही अधूनमधून बदलते. नवीन सॉफ्टवेअर जुनी फाइल वाचतं, पण जुन्याला नवीन पद्धत माहीतच नसते. ऑटोकॅडमध्ये ही पद्धत दर वर्षी बदलत नाही. २०१३ ते २०१७ ची एकच, आणि २०१८ पासून २०२५ पर्यंत दुसरी एकच. म्हणून माझं २०१५ चं सॉफ्टवेअर २०१७ ची फाइल उघडतं, पण २०१८ ची नाही.

फाइल कुठल्या पद्धतीची हे ओळखायची सोपी युक्ती आहे. डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण पहिली सहा अक्षरं वाचा. एसी१०२४ म्हणजे २०१० ते २०१२, एसी१०२७ म्हणजे २०१३ ते २०१७, एसी१०३२ म्हणजे २०१८ आणि पुढचं. फक्त बघा आणि बंद करा, सेव्ह करू नका.

आमच्या दुकानातला नियम

१. आधी मागा. ऑर्डर घेतानाच आमचा ठरलेला मेसेज जातो: "फाइल ऑटोकॅड २०१३ डीडब्ल्यूजीमध्ये सेव्ह करून पाठवा, सोबत मापं असलेली पीडीएफ द्या." समोरच्याला सेव्ह ॲजमध्ये फाइलचा प्रकार बदलायचा असतो, बस.

२. ते जमत नसेल तर आपण कन्व्हर्ट करा, पण आपल्याच कॉम्प्युटरवर. ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू मोफत आहे आणि फाइल जुन्या व्हर्जनमध्ये करून देतं. ओडीए फाइल कन्व्हर्टरही मोफत आहे, त्यात डीएक्सएफसुद्धा होतं. अनोळखी वेबसाइटवर फाइल चढवू नका. ते डिझाइन गिऱ्हाइकाचं आहे, ते परक्याच्या सर्व्हरवर टाकायचा आपल्याला काय अधिकार?

३. अक्षरं तपासा. फॉन्ट डीडब्ल्यूजी फाइलसोबत येत नाही. नेमप्लेट जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसेल, तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. गिऱ्हाइकाला ई-ट्रान्समिट करून पाठवायला सांगा, म्हणजे जोडलेल्या फाइल्स एकत्र येतात.

४. वळणं झूम करून बघा. मशीनसाठी आर१२ डीएक्सएफ केलं तर स्प्लाइनचे छोटे छोटे सरळ तुकडे होतात. तुकडे मोठे असतील तर गोल कडा कोनाकोनाची कापली जाते.

५. एक माप पीडीएफशी जुळवा आणि गिऱ्हाइकाचा लेखी होकार घ्या. व्हॉट्सॲपवर "ओके" आल्याशिवाय मशीन चालू नाही. हा नियम आधी असता तर माझे नऊ हजार वाचले असते.

क्रॅकबद्दल स्पष्ट बोलते

"सगळेच वापरतात" हे मी रोज ऐकते. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ ब वाचा. चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरला तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. शिवाय क्रॅकसोबत व्हायरस आला तर ज्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइल्स आहेत, तोच बसतो.

मग नवीन घ्यायचं कधी?

कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. एक महिना वही ठेवा. किती फाइल्स उघडल्या नाहीत, त्यातल्या किती गिऱ्हाइकाने परत पाठवल्या, किती ट्रूव्ह्यूने सुटल्या, आणि किती कामं खरोखर हातची गेली, ते लिहा. मी लिहिलं तेव्हा ११ फाइल्स अडल्या होत्या. ८ परत आल्या, ३ कन्व्हर्ट झाल्या, काम एकही गेलं नाही. मग वर्षाची वर्गणी कशासाठी भरायची? तेच पैसे मी राउटरच्या नवीन स्पिंडलला लावले. तुमच्या वहीत गेलेल्या कामांचा नफा वर्गणीपेक्षा जास्त दिसला, तर मात्र बिनधास्त घ्या.

आणि लाजू नका. "या व्हर्जनमध्ये पाठवा" असं सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाला कमी वाटत नाही. याला कामातलं कळतं, असंच वाटतं.

नोटपॅड आणि ट्रूव्ह्यू कसं वापरायचं ते या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवलंय. बघा, आणि आजच आपला ऑर्डरचा मेसेज टाइप करून ठेवा. भेटू पुढच्या आठवड्यात!